बाबा, कोणी बघत नसतं तेव्हाही

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. मेतकूट आणि भाजणी दोन्ही मस्त आहे, आईला सांगा. आता मुद्द्याचं. परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं कारण तुमची वेदांताच्या वर्गाची वेळ झाली, पण तुमचं शेवटचं वाक्य तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. जे कोणीच पाहिलं नाही ते घडलं असं म्हणायला आधार काय, अनुभवाच्या बाहेर जाऊन कोणी बघून आलंय का? म्हणून पत्र लिहितेय. फोनवर आपण दोघंही एकदमच बोलतो आणि कोणाचंच धड ऐकून होत नाही.

माझं मत आधीच सांगते. घडतं. कोणी बघो न बघो, घडतं.

तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. मी कुठलाही पुरावा दिला तरी तो कोणाच्या तरी डोळ्यांतून कानांतूनच येणार, त्याला इलाज नाही. बर्कली नावाच्या आयरिश तत्त्वज्ञाने 1710 मधे हेच मांडलं होतं, की असणं म्हणजेच कोणाच्या तरी जाणिवेत असणं, आणि त्याला सहजासहजी खोडून काढता येत नाही हेही खरं. पण मला जे कळतं ते जाणिवेतूनच कळतं इथपासून जे आहे ते जाणिवेतच आहे इथपर्यंत त्याने जी उडी मारली ना, तिथे मी थांबते. कळायला डोळे लागतात. असायला का लागावेत?

आपल्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरचं अंधेरीचं गिल्बर्ट हिल घ्या. नवरात्रात आपण पायऱ्या चढून वर देवीला जायचो, पण तो कडा जवळून कधी बघितलाय का तुम्ही? उभेच्या उभे काळे खांब एकमेकांना चिकटून उभे, कोणी पाच बाजूंचा कोणी सहा. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसला की तडे जातात, आणि ते तडे वरून आत आत सरकत जातात म्हणून असे खांब होतात. हे झालं साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आणि माणूस आला जेमतेम 3 लाख वर्षांपूर्वी. म्हणजे तो लाव्हा निवताना माणूस सोडा, माकडसुद्धा बघायला नव्हतं, आणि तरी एकेक तडा जिथल्या तिथे आहे. मग मी काय समजू, की पहिल्या माणसाने वर बघितलं त्या क्षणी कड्याला एवढा सगळा भूतकाळ चिकटला?

कुलाब्याची गोष्ट मला याहून जास्त आवडते. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमधे रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीतून सूर्यावर एक प्रचंड चमक दिसली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कुलाबा वेधशाळेतली चुंबकाची सुई अशी काही खाली आली की ती नोंद आजही अभ्यासली जाते, सुमारे 1600 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). मुंबईत कामाचा दिवस चालू, अंगावरून सूर्याकडून आलेलं एवढं चुंबकीय वादळ गेलं आणि शरीराला काही म्हणजे काही जाणवलं नाही. तुम्ही म्हणाल सुई तर कोणीतरी बघितली ना. बघितली. पण त्याच वादळाने युरोप अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडत होत्या, आणि कुलाब्यात आकडे लिहून घेणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता, आणि तारवाल्यांना कुलाब्याचा पत्ता नव्हता. एकमेकांना न ओळखणारे साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती गोष्ट त्यांच्यापैकी कोणाच्याच डोक्यातली नसते. ती बाहेर असते.

आणि बाबा, तुमचे आचार्यच इथे माझ्या बाजूने आहेत! ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ‘नाभाव उपलब्धेः’ हे सूत्र आहे, त्यावरचं शांकरभाष्य परत वाचा. समोर विज्ञानवादी बौद्ध, त्यांचं म्हणणं की बाहेर वस्तू नाहीतच, आहे ते फक्त ज्ञान. शंकराचार्य म्हणतात की कोणालाही खांब किंवा भिंत ही नुसती जाणीव म्हणून जाणवत नाही, जाणिवेचा विषय म्हणूनच जाणवते, आणि बाहेर काही नाही म्हणणं म्हणजे एखाद्याने पोटभर जेवता जेवता मी जेवत नाहीये असं सांगण्यासारखं आहे. परमार्थात जग मिथ्या असेल, तो वेगळा प्रांत, पण व्यवहारात ते माझ्या बघण्यावर टांगलेलं नाही हे तेच सांगतात. दृष्टि-सृष्टिवाद, म्हणजे बघितलं की जग निर्माण होतं हे मत, बराच नंतर आला, प्रकाशानंदांचा वगैरे. तुमच्या सरांना हे जरूर विचारा, मला त्यांचं उत्तर खरंच ऐकायचंय.

तुम्ही पाठवलेला व्हॉट्सॲप फॉरवर्ड मात्र चुकीचा आहे. 2022 चं भौतिकशास्त्राचं नोबेल ॲस्पे, क्लॉझर आणि झायलिंगर यांना मिळालं ते बरोबर, पण आपण बघितलं नाही तर जग नसतं असं त्यांनी सिद्ध केलेलं नाही. जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाने 1964 मधे एक कसोटी मांडली होती, त्यावर फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या तपासल्या तर कळलं की मोजमापाचं उत्तर आधीपासून फोटॉनमधेच ठरलेलं असतं आणि प्रकाशापेक्षा वेगाने कशाचाच परिणाम पोचत नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र धरून चालता येत नाही. हे भयंकर विचित्र आहे, मी कमी लेखत नाहीये. पण तिथे मोजतं ते यंत्र. लॅबमधे कोणी नसलं तरी आकडे साठतातच.

आता ज्यामुळे मला हे सगळं एवढं लागलं ते सांगते. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही मला आधी कळवलं नाहीत, मी इथे एकटी घाबरेन म्हणून. मग त्या छोट्या बाटलीतल्या खड्यांचा फोटो आला. एक खडा अर्धा फुटलेला होता, मी फोटो झूम केला तर आत एकावर एक पापुद्रे, पिवळट, मग तपकिरी, मग परत पिवळट. म्हणजे ते खडे कितीतरी काळ वाढत होते आणि आईला दुखत नव्हतं, डॉक्टरला माहीत नव्हतं, तुम्हाला नाही, मला नाही, जगात एकाही जिवाच्या जाणिवेत ते नव्हते. आणि पापुद्रा चढतच होता. मी त्या काळात तिच्याशी रोज फोनवर आंब्यांचे भाव काय नि पाऊस किती यावर बोलत होते. तो फोटो बघितल्यावर मला कोणी जगाला बघणाऱ्याची गरज असते असं सांगू नये, माझा जीव कळवळतो. घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला हे रोज पचवावं लागतं, की तिथे जे चाललंय ते माझ्या कळण्यासाठी थांबत नाही.

मागच्या महिन्यात मी पॉट्सडॅमजवळ कापुटला जाऊन आले, आइनस्टाइनचं उन्हाळ्यातलं लाकडी घर आहे तिथे. 14 जुलै 1930 ला रवींद्रनाथ त्याला तिथेच भेटले आणि दोघं याच प्रश्नावर बोलले. आइनस्टाइनचं म्हणणं, घरात कोणी नसलं तरी टेबल जागच्या जागी असतं. टागोरांचं म्हणणं, एका माणसाच्या मनाबाहेर असेल, विश्वमनाच्या बाहेर नाही. सौंदर्याला बघणारा लागतो हे मात्र आइनस्टाइननेही मान्य केलं, आणि तेवढं मीही तुम्हाला देते. गिल्बर्ट हिलचा काळा रंग, त्या खड्यांचा पिवळा, याला डोळा लागत असेल. पण तडा आणि पापुद्रा यांना नाही लागत.

टागोरांचं विश्वमन तुम्ही पुढे कराल हे मला माहितीये. करा, पण मग ते खडे त्या मनाला दिसत होते का, आणि दिसत होते तर आईला एवढी वर्षं कोणी सांगितलं का नाही, याचं उत्तर सविस्तर लिहा. आईला तेलकट देऊ नका, चालायला गेलात की तिलाही न्या. दादाला सांगा मी शनिवारी फोन करते.

तुमची,
मनू