शैला, आधी हिमोग्लोबिन बघ

कराड,
रविवार रात्र

प्रिय शैला,

परवा फोनवर तू म्हणालीस, "गर्भाशयात दोन गाठी निघाल्यात, होमिओपॅथी सुरू केलीय, ऑपरेशन नको गं बाई." मी नुसतं "बरं" म्हणाले. पण दोन रात्री झोप नाही, म्हणून लिहायला बसले.

तुला मी हे कधी नीट सांगितलंच नाही. मला गाठ निघाली तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर फिरवली आणि म्हणाले, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका." मी घाबरले. बीडकडच्या ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या कशा सरसकट काढल्या गेल्या, ते २०१९ साली आपण सगळ्यांनी वाचलं होतंच. त्या दवाखान्यात मी परत पाऊल ठेवलं नाही. होमिओपॅथीच्या बाईंकडे गेले. त्यांनी तासभर माझं ऐकून घेतलं: झोप, स्वप्नं, राग, सासूबाईंचं आजारपण, सगळं. इतकं मन लावून मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

दीड वर्ष गोळ्या घेतल्या. कॅल्केरिया कार्ब, मग सबायना. कॉफी बंद, कच्चा कांदा बंद. आणि पाळीत दोन-दोन तासांनी पॅड बदलायचे, रक्ताच्या गुठळ्या पडायच्या. "औषध लागू पडण्याआधी त्रास वाढतो," असं ऐकलं होतं, म्हणून तो वाढला की मला उलट धीर यायचा. शैला, या वाक्यानं माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. जिना चढताना धाप लागायची, ती मी वयावर ढकलली. एक दिवस एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. बाईचं १२ तरी हवं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या आणि गाठ मोजली, तर २.२ सेंटिमीटरची ३.४ झाली होती.

नंतर एकदा मुलगा बारावीचं रसायनशास्त्र वाचत बसला होता, तेव्हा त्याला मी माझ्या गोळ्यांच्या नावापुढची '३० पोटेन्सी' म्हणजे काय ते विचारलं. मूळ औषधाच्या एका भागात ९९ भाग पाणी किंवा अल्कोहोल घालून हलवायचं, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा तसंच, असं ३० वेळा. त्यानं हिशेब मांडून दाखवला. बाराव्या वेळेनंतरच मूळ पदार्थाचा एक कणसुद्धा उरण्याची आशा जवळजवळ संपते. हानेमान यांनी होमिओपॅथी मांडली १७९६ साली, तेव्हा हे मोजता येत नव्हतं. आज येतं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं अनेक अभ्यास तपासून २०१५ मध्ये सांगितलं, की कुठल्याही आजारावर होमिओपॅथीचा गुण येतो असा भरवशाचा पुरावा नाही.

तू म्हणशील, आत्यांची गाठ विरघळली की. त्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या ना? या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, स्त्रीच्या हार्मोनवर पोसतात. पाळी गेली की बहुतेक आपोआप आक्रसतात. तू ४३ची आहेस, तुझी पाळी जायला अजून काही वर्षं असतील. तोवर हे अंगावर काढशील?

आणि ऑपरेशनची भीती खोटी नाही गं, पण गाठ म्हणजे पिशवी काढणं असं नसतं. या गाठी बहुतांशी कर्करोगाच्या नसतात. त्रास नसेल तर लहान गाठीला काहीच करायचं नसतं, अधूनमधून सोनोग्राफी पुरते. आकारापेक्षा जागा बघायची: आतल्या अस्तराकडे असेल तर छोटी गाठही खूप रक्त घालवते, बाहेरच्या बाजूची मोठी असूनही कधी कळतसुद्धा नाही. रक्तस्राव कमी करायला पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन असतं (तांबी नव्हे, तांबीनं रक्त उलट वाढतं). मोठ्या शहरात गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचीही सोय आहे. माझी गाठ आतल्या बाजूची, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी खालून दुर्बीण घालून काढली. पोटावर टाका नाही, पिशवी जागेवर आहे.

म्हणून एवढंच कर. उद्या सकाळी हिमोग्लोबिन तपास. सोनोग्राफीच्या कागदावर गाठ कुठे आहे ते शब्दच्या शब्द मला वाचून दाखव. पहिल्याच भेटीत कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे. आणि तुझ्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांना तू सोडावंस असं माझं म्हणणं नाही. पण त्या गोळ्यांच्या भरवशावर रक्त जाऊ देऊ नकोस.

शनिवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या गाडीनं येते, दवाखान्यात दोघी मिळून जाऊ. फाइल तयार ठेव.

तुझीच,
मंदा