स्क्वॅट रॅकपाशी भेटलेल्या ताईंना

ताई,

तुमचं नावही मी अजून विचारलेलं नाही. समोर आलात की नुसतं हसून पुढे जाते, म्हणून हे लिहिते आहे.

त्या संध्याकाळी जिममध्ये मी स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठायचा व्यायाम, करत होते. माझ्या खांद्यावर नुसता २० किलोचा बार होता आणि तुम्ही सरळ फरशीवर बसलात. आपल्या वहीचं एक पान फाडलंत, गाल जवळजवळ जमिनीला टेकवलात आणि मी खाली गेले तसं ते पान माझ्या टाचेखाली सरकवलंत. ते अलगद आत गेलं. "बघ, टाच उचलली जातेय. तुझी कंबर दुखते ती इथून."

इतके महिने हे कुणालाच दिसलं नव्हतं. ज्यांना मी शिकवण्याचे पैसे देत होते, ते ट्रेनर समोर उभे राहून एकच ओरडायचे, "गुडघे बोटांच्या पुढे नकोत!" गुडघे मागे धरले की छाती पुढे पडायची आणि बारचा सगळा भार कमरेवर यायचा. तक्रार केली तर म्हणाले, तुमची शरीरयष्टीच स्क्वॅटची नाही, मशीनवर जा. त्याचा राग अजून गेलेला नाही. कारण नंतर वाचलं, की २००३ साली संशोधकांनी काही जणांना गुडघ्यांसमोर फळी लावून स्क्वॅट करायला लावले आणि मोजलं, तेव्हा गुडघ्यावरचा ताण थोडा कमी झाला, पण खुब्यावरचा कितीतरी पटींनी वाढला. म्हणजे माझी मांडी लांब, घोटा आखडलेला, आणि वर गुडघ्यांना पुढे जायला बंदी. मग कंबर दुखणार नाही तर काय?

तुम्ही वजनाच्या दोन लहान प्लेट टाचांखाली ठेवल्यात, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच या तिन्ही ठिकाणी वजन धरायला सांगितलंत, आणि गुडघे बोटांच्या दिशेने खुशाल पुढे जाऊ दे म्हणालात. पहिल्यांदाच मी पाठ न वाकवता मांड्या गुडघ्यांच्या खाली नेल्या. उठताना बार सरळ वर आला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तुम्ही पाहिलंत की नाही कोण जाणे.

पण त्या प्लेटांपेक्षाही माझ्या मनात राहिलंय ते तुमचं खाली बसणं. तुमचा स्वतःचा जड सेट अर्धवट राहिला होता, अंग थंड पडत होतं. तरी माझ्या रिकाम्या बारकडे तुम्ही तुमच्या बारइतक्याच गांभीर्याने पाहिलंत. ज्यांना खूप येतं त्यांतले किती जण नवख्याच्या पायांशी वाकून बघतात? बघणारे असतात, आणि कुठल्याही तालमीत, वर्गात, कारखान्यात नवी माणसं टिकतात ती अशांच्या जिवावर. त्यांचं नाव कुठल्या फलकावर लागत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घोट्याचा व्यायाम रोज करते आहे. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, तुम्ही दाखवलात तसाच. डावा घोटा बराच सुटलाय, उजवा अजून हट्टी आहे. टाचांखालच्या प्लेट काढायची घाई करत नाही. पुढच्या वेळी भेटलात की बाजूने एकदा बघाल का? अगदी तळाला गेल्यावर कंबर आत वळते असं मला वाटतं, पण आरशात ते नीट कळत नाही.

तुमची,
शेजारच्या रॅकवरची