वकिलात म्हणजे काय, हे ठाण्याने विसरू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे अभ्यासाला येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने परवा पेपरातल्या बातमीवर बोट ठेवून विचारलं, "बाई, वकिलात म्हणजे वकिलांचं ऑफिस ना?" दूतावास, एवढं सांगून मी पुढच्या धड्याकडे वळले. आयुष्यभर इतिहास शिकवूनही इतकं तोकडं उत्तर दिलं, याची रात्रभर चुटपुट लागून राहिली.

वकील हा शब्द कोर्टात जाण्याआधी दरबारात होता. पेशव्यांचे वकील म्हणून दिल्लीला हिंगणे असत, हैदराबादला गोविंदराव काळे. तिथेच बिऱ्हाड करून राहायचं, दरबाराचा रागरंग ओळखायचा आणि पुण्याला लिहून कळवायचं, हे त्यांचं काम. त्यांची पत्रं आज अभ्यासकांना सोन्यासारखी वाटतात. इंग्रजांचा चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्याला आला, तोही याच कामासाठी.

या इतिहासाचं एक पान आपल्या ठाण्यात आहे. बडोद्याच्या गायकवाडांनी पेशव्यांबरोबरचे हिशेब मिटवायला गंगाधरशास्त्री पटवर्धनांना पुण्याला पाठवलं. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. तरीही जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. ठपका पेशव्यांचे मर्जीतले कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावर आला. रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा पुण्यातला वकील, एल्फिन्स्टनने त्यांना ताब्यात घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तोच हा किल्ला. पहाऱ्याला सगळे गोरे शिपाई, मराठीचा गंध नसलेले. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातूनच निसटण्याचा बेत आत पोचला, असं सांगतात. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी पळाले. पुढच्या जूनमध्ये पेशव्यांना इंग्रजांशी पुण्याचा तह मान्य करावा लागला आणि १८१८ मध्ये पेशवाईच संपली. पेशवाई बुडण्याची कारणं बरीच आहेत, पण वकिलाच्या खुनाने इंग्रजांच्या हाती आयतं कोलीत मिळालं, हे मला नाकारता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या वकिलातींची सुरुवात अभिमान वाटावा अशी आहे. मॉस्कोला पहिल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित, त्यांच्यामागून डॉ. राधाकृष्णन. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजपुत्र आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून गेले आणि केनियाच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या नेत्यांशी त्यांनी स्नेह जोडला. आमच्या वर्गात औंध यायचं ते सूर्यनमस्कारांपुरतं. नैरोबी मीही कधी शिकवलं नाही, ही माझी चूक.

दूताच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही, हा जुना रिवाज १९६१ च्या व्हिएन्ना कराराने जगभर लेखी झाला. पण ३ फेब्रुवारी १९८४ ला बर्मिंगहॅमच्या भारतीय कार्यालयातले रवींद्र म्हात्रे मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी निघाले असताना त्यांना पळवलं गेलं आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. पुण्याच्या म्हात्रे पुलाला त्यांचंच नाव आहे. माझा भाऊ त्या पुलावरून रोज कामाला जायचा. म्हात्रे म्हणजे कोणी नगरसेवक असतील, असं तो कितीतरी वर्षं समजत होता.

ठाण्यात आज घरटी एक माणूस परदेशात आहे म्हटलं तरी चालेल. तिकडे पासपोर्ट हरवला, पगार अडकला, कोणी दगावलं, की पहिली धाव वकिलातीकडेच असते. म्हणून आपल्या पत्रातून प्रशासनाला विनंती करते, की कारागृहाच्या बाहेर, रस्त्याने जाणाऱ्याला उभ्या उभ्या वाचता येईल असा मराठी फलक लावावा. त्र्यंबकजींच्या सुटकेची गोष्ट त्यावर येईलच. गंगाधरशास्त्रींचं नावही असावं आणि ते वकील म्हणून आले होते, हेही लिहावं. त्या मुलीला घेऊन मी फलक वाचायला जाईन.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
नौपाडा, ठाणे