बाबांच्या गुडघ्यावरच्या गोळ्यांबद्दल

ती. बाबांस आणि आईस,
सा. न.

बाबा, आधी रागावून घ्या, मग पुढचं वाचा. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला सांगून ठेवलंय, तुम्हाला कॉम्बिफ्लामची पट्टी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. न विचारता केलं, कारण विचारलं असतं तर ‘गुडघा माझा आहे’ म्हणाला असतात.

त्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल असतं. तुम्हाला नडतं ते आयबुप्रोफेन. किडनीत रक्त आणणारी बारीक धमनी त्यानं आवळते. तुमची बीपीची गोळी टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणारी धमनी सैल करते आणि लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आल्या की किडनीच्या गाळणीतला दाबच पडतो आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळायचा रक्तातला कचरा, चढतं. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही. त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर संपलंच. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, सगळी त्याच घरातली. शेजारचे काका काहीही सुचवोत. मात्र बीपीच्या गोळ्या आणि ती ७५ ची अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करायची नाही.

गुडघ्याला तसंच सोडत नाहीये. पॅरासिटामॉल ५००, एका वेळी एक, मध्ये सहा तास, दिवसात चारच. धडधाकट माणसाला याच्या दुप्पट चालते, पण तुमचा रोजचा पेग आहे. पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी होतो आणि ग्लुटाथायोन त्याला निकामी करतं. रोज दारू असली की ते विष जास्त बनतं आणि ग्लुटाथायोन आटतं. जेवण टाळलंत तर आणखीच. पेग बंद करा असं मी म्हणत नाही, ते काम आईचं. पण गोळी चालू असेल त्या दिवशी ग्लास कपाटातच राहू दे.

आई, तुझ्या सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं. बाबांना ती दिलीस तर चारांतली एक कमी धर. मला ताप आला की अर्धी गोळी चमच्यात खलून, वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवायचीस ना? तेच आता बाबांसाठी कर. चुकून जास्त गेल्या तर कावीळ दिसायची वाट बघू नका. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत वाटतो, आणि त्यावरचं औषध अ‍ॅसिटिलसिस्टिन आठ तासांच्या आत दिलं तर सर्वांत चांगलं चालतं. सरळ हॉस्पिटल गाठायचं. शी काळी डांबरासारखी झाली, म्हणजे पोटात रक्त जातंय असं वाटलं, तरी तसंच.

गुडघ्यावर लावायचं जेल डॉक्टरांना विचारून आणा, त्यातलं रक्तात फार थोडं जातं. शेकायची पिशवी आईच्या कपाटात खालच्या खणात आहे. पाणी उकळतं भरू नका, आणि नुसत्या कातडीवर ठेवू नका.

शनिवारी सकाळी लॅबचा मुलगा घरी येईल. किडनीसाठी क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन, लिव्हरसाठी एसजीपीटी, एवढ्या तपासण्या आहेत. उपाशी राहायची गरज नाही, चहा-पोहे खुशाल खा. पैसे भरलेत, उगाच परत पाठवू नका. आई, डब्यातल्या प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो आजच पाठव, नावं दिसतील असा.

तुमची,
छकुली