आमच्या डॉक्टरांच्या घरी, एक अनावृत आभारपत्र

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

दिवसकार्याला तुमच्याकडे इतकी गर्दी होती की मी नुसता नमस्कार करून निघाले. आभार मानायचे राहूनच गेले. ते चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. कुत्र्या-मांजरांच्या आपल्या डॉक्टरांचं देणं आम्हा सगळ्या पेठेवर आहेच, पण त्यातलं बरंचसं त्यांनी तुमच्या घरातून उचलून आम्हाला दिलं होतं, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

फ्रिजचंच बघा. सुरुवातीच्या वर्षांत दवाखान्याला वेगळा फ्रिज नव्हता, तेव्हा लशी वरच्या मजल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात असायच्या. मधला कप्पा डॉक्टरांचा. लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे, गोठली तरी वाया आणि तापली तरी वाया, म्हणून तुम्हाला सारखं दार उघडायची मनाई! भारनियमनाच्या दिवसांत तुम्ही शेजारच्या घरांतून बर्फ गोळा करून आणताना मी पाहिलं आहे. आमच्या कुत्र्यांना टोचलेली लस खात्रीची असायची, त्यामागे ही सगळी उठाठेव होती.

डॉक्टर मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकले. १८८६ सालचं ते कॉलेज, त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. अभ्यासक्रमात बहुतेक गाई, म्हशी, कोंबड्या. कुत्री-मांजरं आपण त्या हॉस्पिटलात उभं राहून शिकलो, असं ते म्हणायचे. बरोबरीची बरीच मुलं पुढे पशुधन विकास अधिकारी होऊन जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. हे मात्र पुण्यात आले आणि पेठेत तळमजल्यावर बोर्ड लावून बसले. 'कुत्र्या-मांजरांवर पोट चालतं का?' असं तुमच्या माहेरच्यांनीही विचारलं होतं म्हणे. हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

दुपारी एक ते चार दवाखाना बंद. बाहेरगावची माणसं यावर पुणेरी विनोद करायची ते करायचीच, पण डॉक्टर त्या वेळात झोपलेले कधी कुणी पाहिले नाहीत. पक्षाघातानंतर त्यांच्या आई दुसऱ्या कुणाच्या हातून नीट जेवत नसत, तेव्हा एक वाजता वर जाऊन ते आधी त्यांना भरवायचे. मग मुलगी शाळेतून आली की तिच्याबरोबर स्वतः पानावर बसायचे. या तीन तासांत अडल्या केसला बेल वाजवायची मुभा होती. पण अडली केस कशाला म्हणायचं, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. माझे आभार मुख्यतः याचेच आहेत.

बोका सारखा वाळूत जाऊन बसतो, कुंथतो आणि लघवीचा थेंबही येत नाही, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, बेल वाजवा. नसबंदी न केलेली कुत्री माजावर येऊन महिना-दीड महिना झाला आहे, खात नाही आणि पाणी मात्र घटाघटा पिते आहे, तर गर्भाशयात पू झाला असेल, उद्यावर ढकलू नका. पण कुत्रा गवत खाऊन एकदा ओकला आणि पुन्हा शेपूट हलवत भाकरी मागतो आहे, तर मला जेवू द्या. "तुम्ही शहाणे झालात की मला घरी वेळेवर जेवता येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वरवर स्वार्थाचं वाटायचं. पण त्यात आमची जनावरं किती वाचली!

हिरड्या बघायला त्यांनी मला शिकवलं तो प्रकार सांगते. आमच्या कुत्र्याचा, बंड्याचा, वरचा ओठ उचलून त्यांनी माझाच अंगठा धरला आणि हिरडीवर दाबला. "आता सोडा, आणि रंग परत कधी येतो ते बघा." दाबलेली जागा पांढरी पडली आणि बघता बघता पुन्हा गुलाबी झाली. दोन सेकंदांच्या आत यायला हवं, म्हणाले. पुढे एका पावसाळ्यात बंड्या नुसताच मलूल होता, खाणं कमी, बाकी काही नाही. मी ओठ उचलला तर हिरडी कागदासारखी पांढरी. तशीच रिक्षा केली. गोचीड ताप निघाला. त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, मला डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स लिहून दिला, आणि बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या आतल्या घड्यांत गोचीड कशी शोधायची ते दाखवलं. गरज नसताना सुई टोचली नाही. काही मालकांना सुई टोचल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. अशांचं आणि डॉक्टरांचं कधी जमलं नाही.

आमच्या वाड्यातल्या एका आजोबांनी मांजरीला ताप आहे समजून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली होती. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही, रक्तच बिघडतं. तोंड सुजलेलं, हिरड्या तपकिरी पडलेल्या, श्वास उथळ. आजोबा थरथरत उभे. डॉक्टर त्यांना एका शब्दानेही बोलले नाहीत. मला कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे ॲसिटिलसिस्टीन आणायला पळवलं. माणसांनी हीच गोळी जास्त घेतली तर त्यांनाही तेच औषध देतात, हे मला त्या दिवशी कळलं. मांजर वाचली. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लागली, 'मांजराला तापाची गोळी देऊ नये', आणि अक्षर तुमचं होतं, वहिनी.

पार्व्हो या जीवघेण्या, संसर्गजन्य जुलाब-उलट्यांच्या आजाराची पिल्लं ते दवाखान्यात घेतच नसत. स्वतः बाहेर येऊन रिक्षातच तपासायचे, कारण तो विषाणू जमिनीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि आत लसीसाठी आलेली दुसरी पिल्लं बसलेली असत. मग हात धुऊन, ब्लीचच्या पाण्याने चपला पुसून, शर्ट बदलूनच जिन्याची पायरी चढायचे. बादलीत भिजलेले ते शर्ट कोण धूत होतं, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. आता विचारून उपयोग नाही, पण आभार तरी मानते.

ते सगळ्यांशी गोड बोलायचे असंही नाही. पिल्लाचे कान-शेपूट कापून द्या म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे. पुण्याच्या उन्हाळ्यात हस्की, म्हणजे बर्फाळ प्रदेशातला दाट केसांचा कुत्रा, घेऊन आलेल्या एका तरुण जोडप्याला त्यांनी इतकं सुनावलं की मला बाहेरच्या बाकावर अवघडल्यासारखं झालं. मला अजूनही वाटतं की कुत्रा घेऊन झाल्यावर ओरडून काय फायदा? ते मात्र म्हणायचे, हे चार जणांना जाऊन सांगतील.

मुलीने दवाखाना पुढे चालवावा असा आग्रह त्यांनी कधी धरला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तिला जनावरं आवडतात, रात्रीचे फोन नाही. मी बाप म्हणून डोळे उघडे ठेवूनच तिला वाढवलंय." ती बँकेत लागली तेव्हा दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला पेढा मिळाला. एक लॅब्रॅडॉर दोन खाऊन गेला, आणि त्यासाठी त्याच्या मालकाने बोलणी खाल्ली.

बंड्याच्या शेवटी मूत्रपिंडं गेली होती. सलाईन लावून काही दिवस काढता आले असते. डॉक्टर घरी आले, त्याच्याजवळ फरशीवर बसले आणि म्हणाले, "आता औषध दिलं तर ते तुमच्या समाधानासाठी होईल, त्याच्यासाठी नाही." आधी गुंगीचं, मग शेवटचं. त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी पाकीट पुढे केलं तर म्हणाले, रेबीजच्या शिबिराला द्या.

शिबिराचंच आता बोलते. दर २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, शाळेच्या मैदानावर ते मोफत लसीकरण करायचे. मुलगी रजिस्टर लिहायची आणि मालकांची नावं सोडून 'मोतीचे बाबा', 'चिंगीची आजी' असंच लिहायची. त्यांनीच तसं सांगितलं होतं. तिथे येणाऱ्या पोराटोरांना ते दरवर्षी तेच सांगत. कुत्रा चावला तर तिखट नाही, चुना नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, आता दंडात घेतात, घाबरायचं नाही.

यंदाचं शिबिर आम्ही मोडू देणार नाही. डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेल्या तरुण डॉक्टरांनी होकार दिला आहे, शाळेनेही मैदान दिलं आहे. रजिस्टर लिहायला मुलगी आली तर फार बरं वाटेल, पण तिला रजा मिळत नसेल तर मनाला लावून घेऊ नका, मी लिहीन. लस न्यायची ती निळी थंड पेटी तुमच्या माळ्यावर असेल. तेवढी काढून ठेवा, रविवारी सकाळी आमचा मुलगा येऊन घेऊन जाईल.

आपली,
बंड्याची आई