मुख्याध्यापकांना वर्गापर्यंत पोहोचू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

शिक्षकांचा उत्साह कसा वाढेल, या प्रश्नावर प्रशिक्षणे, पुरस्कार आणि बदल्यांची धोरणे यांचीच चर्चा होते. शिक्षक ज्यांच्या हाताखाली रोज काम करतो, त्या मुख्याध्यापकांच्या कार्यपद्धतीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत आमचे मुख्याध्यापक सूचनावहीत आदेश लिहून सह्या घेत आणि वर्गात पाऊल न टाकता टाचणवही, म्हणजे पाठांच्या पूर्वतयारीची वही, तपासत. तिथे चांगले शिक्षकही हळूहळू वहीत दिसेल तेवढेच काम करू लागले. दुसऱ्या शाळेतील मुख्याध्यापिका वर्गात मागे येऊन बसत, तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी नेमकी कुठे अडते यावर मधल्या सुट्टीत आमच्याशी बोलत आणि वेळापत्रकही सर्वांशी विचारविनिमय करूनच ठरवत. पगार तोच, माहिती भरायची सरकारी पोर्टलेही तीच. तरीही तिथे नवे काही करून पाहण्याची भीती कोणाला वाटत नसे, कारण फसलेल्या प्रयोगाचा जाब विचारला जात नसे, त्यावर चर्चा होत असे.

हा केवळ स्वभावाचा प्रश्न नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पटसंख्या १५० च्या वर गेल्यावरच. खेड्यापाड्यांतील बहुतेक शाळांचा पट याहून कमी असल्याने तिथे एखादा शिक्षक प्रभारी म्हणून आपला वर्ग सांभाळून यू-डायस प्लस या शाळांची माहिती नोंदवण्याच्या सरकारी प्रणालीतील माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि तातडीने मागवलेले अहवाल पुरवत राहतो. अशा माणसाने सहकाऱ्याच्या वर्गात कधी बसावे? वरून आलेला आदेश खाली पाठवणे एवढेच त्याचे नेतृत्व उरते, आणि याचा दोष त्याला देणे मला अन्यायाचे वाटते.

पदोन्नती मुख्यतः सेवाज्येष्ठतेने होते. अनुभवाचे मोल मी जाणते. पण उत्तम शिकवणे आणि सहकाऱ्यांना शिकवण्याचे बळ देणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मुख्याध्यापकांसाठी दरवर्षी किमान ५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षित असून त्यात नेतृत्वाचाही समावेश आहे.

हे प्रशिक्षण पदभार घेण्यापूर्वीच सुरू व्हावे, प्रभारींनाही मिळावे आणि त्यात वर्गनिरीक्षणानंतर शिक्षकाशी कसे बोलावे याचा प्रत्यक्ष सराव असावा. लहान शाळांच्या माहितीसंकलनासाठी केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहासाठी, लिपिक नेमावा. तसेच, मुख्याध्यापकांच्या मूल्यमापनात त्यांच्या शिक्षकांचे मत, नाव गुप्त ठेवून, विचारात घ्यावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शिक्षिका