ओवी छापताना ‘तैसें’पर्यंत छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढी जवळ आली की वर्तमानपत्रांत, आपल्याही सदरात, ज्ञानेश्वरीची रोज एक ओवी आणि खाली दोन ओळींचा अर्थ येऊ लागतो. हेतू चांगलाच आहे. पण ज्ञानेश्वरीत एक ओवी म्हणजे एक पुरे वाक्य असे नेहमीच नसते, आणि तिथेच वाचकाची फसगत होते.

तेराव्या अध्यायातले उदाहरण घ्या. गीतेच्या श्लोकात ‘अहिंसा’ हा नुसता एक शब्द आहे. ज्ञानेश्वरांनी त्यावर शंभराच्या वर ओव्या सांगितल्या. अहिंसक माणूस चालतो कसा, हे सांगताना आधी बगळा येतो: पाण्यावरचा तरंग न मोडता, भक्ष्यावर नजर ठेवून, हलकेच पाऊल टाकणारा. एवढेच कापून छापले तर अहिंसेच्या प्रकरणात मासे टिपणारा बगळा कशाला, असे कोणालाही वाटेल. पुढची ओवी अशी:

कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार । कुचुंबैल केसर । इया शंका ॥

केसर कुस्करेल या धास्तीने भुंगा पाय अलगद ठेवतो. आणि मग ‘तैसें’ (तसे) येते: अणुरेणूंत इवले जीव गुंतलेले आहेत हे जाणून तो माणूस करुणेत पावले लपवून चालतो. वाक्य पुरे होते ते इथे. बगळ्याकडून फक्त पावलाची सावधगिरी घ्यायची, त्याची भूक नाही. ‘जैसें’, ‘कां’, ‘ना तरी’ अशी दृष्टांतांची रांग लागली की ‘तैसें’ येईपर्यंत थांबायचे नाही, हा ज्ञानेश्वरी वाचण्याचा पहिला नियम.

वरच्या ओवीतला ‘कां’ प्रश्नार्थक नाही. त्याचा अर्थ ‘किंवा’. असे ओळखीचे दिसणारे शब्दच जास्त चकवतात. ‘कुचुंबैल’ अडला तर माणूस कोश उघडतो, ‘कां’साठी कोण उघडणार? शाळाशाळांत म्हटले जाणारे पसायदान पाहा. ‘खळांची व्यंकटी सांडो’ यात सांडणे म्हणजे दूध सांडते तसे नव्हे, तर सुटून जाणे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्ट जावेत असे मागणे नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असे आहे. ‘लाहो’ म्हणजे लाभो. ‘स्वधर्मसूर्यें पाहो’ यात ‘पाहणे’ म्हणजे उजाडणे. आपल्या ‘पहाट’ शब्दात ते अजून शिल्लक आहे. ‘कल्पतरूंचे अरव’ म्हणजे कल्पतरूंच्या बागा, आवाज नव्हे.

‘स्वधर्म’ या शब्दाला तर रोज टीप हवी. आज धर्म म्हटले की जनगणनेच्या रकान्यातला धर्म डोळ्यांपुढे येतो आणि पसायदानाची ती ओळ भलतीकडे जाते. तिसऱ्या अध्यायात ज्ञानेश्वर म्हणतात, ‘स्वधर्मु जो बापा । तोचि नित्ययज्ञु जाण पां’. म्हणजे वाट्याला आलेले विहित कर्म. त्या काळी विहित काय हे वर्णाश्रमाने ठरत असे, हेही टीपेत स्पष्ट लिहावे. ते गाळून शब्द गुळगुळीत करणे हा ग्रंथाचा आदर नाही. ग्रंथ स्वतः इतका भित्रा नाही: त्याच अहिंसेच्या प्रकरणात, जीव वाचवण्यासाठी जीवघात सांगणाऱ्या आयुर्वेदालाही तो प्रश्न विचारतो.

संहितेचीही काळजी हवी. ग्रंथ शके 1212 चा, म्हणजे इ.स. 1290 चा, नेवाशात सांगितलेला. तीनशे वर्षांच्या आतच पाठ इतके बिघडले होते की एकनाथांना शके 1506 मध्ये प्रत शुद्ध करावी लागली. ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवणे, असे त्यांनी बजावलेही. आज मोबाइलवर ज्ञानेश्वरांच्या नावाने फिरणाऱ्या कित्येक ओव्या कोणत्याच प्रतीत सापडत नाहीत. अस्सल ओव्यांचेही साखरे, दांडेकर आणि राजवाडे यांनी संपादित केलेल्या प्रतींत क्रमांक आणि पाठ थोडे वेगळे आहेत. त्यामुळे ‘ज्ञानेश्वरी, अध्याय 13’ एवढ्यावर ओवी शोधणे म्हणजे हजाराहून जास्त ओव्या चाळणे.

नव्या वाचकाला ‘पहिल्या अध्यायापासून सुरू करा’ असे सांगू नये. तिथे युद्धभूमी आणि वीरांची नावे येतात, बरेचजण तिथेच पोथी मिटतात. बारावा अध्याय घ्यावा: 20 श्लोक, अडीचशेच्या आत ओव्या. आधी श्लोक, मग त्यावरच्या ओव्या मोठ्याने, रोज पंचवीसेक. दहा दिवसांत अध्याय होतो. ‘-तें’ म्हणजे ‘ला’ (अमृतातें, अमृताला), ‘मियां’ म्हणजे ‘मी’, ‘म्हणौनि’ म्हणजे ‘म्हणून’ एवढे जवळ असले तरी बरेच उलगडते. सार्थ प्रतीतला गद्य अर्थ ओवी वाचून झाल्यावर पाहावा. आधी पाहिला की डोळा ओवीवर ठरतच नाही.

आपल्या सदरासाठी मागणी एवढीच: एक सुटी ओवी देण्याऐवजी ‘तैसें’सह तीन-चार ओव्यांचा पुरा दृष्टांत द्यावा, खाली अध्याय, ओवी क्रमांक आणि प्रतीचे नाव द्यावे, आणि अर्थ बदललेल्या दोन-तीन शब्दांची टीप जोडावी. रोज एवढी जागा नसेल तर सदर आठवड्यातून दोनदाच छापावे.

कळावे.

– जुन्या मराठीचा एक अभ्यासक, पुणे